900 वेठकरी, एक पाऊस आणि निम्मी रिकामी कचेरी: छिन साम्राज्य कसे कोसळले

प्रश्न असा आहे: इ.स.पू. 221 मध्ये सहा राज्ये जिंकून ज्या छिन घराण्याने पहिल्यांदा सगळा चीन एका सत्तेखाली आणला, ते अवघ्या 15 वर्षांत कसे बुडाले? आणि पावसाने उशीर झाला, उशिराला मृत्युदंड होता, म्हणून 900 माणसे बंडाला उभी राहिली, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट खरी धरायची का?

थोडक्यात उत्तर देतो, मग तपशिलात जाऊ. कायदा कडक होता यात वाद नाही, पण नुसत्या कडक कायद्याने हे राज्य बुडाले असे म्हणता येत नाही. माणसे आणि धान्य शेकडो कोस ओढून नेण्यात सगळी यंत्रणा कायम ताणलेली होती आणि हाताशी राखीव असे काही ठेवलेले नव्हते. त्यातच इ.स.पू. 210 नंतर दरबारापर्यंत खरी बातमी पोचण्याची वाटही बंद झाली. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा राज्य कोसळले.

आधी एक सूचना. छिन पंचांगात वर्ष दहाव्या महिन्यात सुरू होई. म्हणून एकच घटना एका पुस्तकात 207 आणि दुसऱ्यात 206 अशी दिसते. दोन्ही बरोबर असू शकतात. पुढची सगळी तीन आकडी वर्षे इ.स.पू. धरावीत.

आता पावसाची गोष्ट. 209 च्या सातव्या महिन्यात 900 गरीब माणसांची तुकडी आजच्या आनहुई प्रांतातून उत्तर सीमेवर, युयांगला पहाऱ्यासाठी निघाली होती. युयांग आजच्या बीजिंगच्या बाजूला, म्हणजे सरळ रेषेत साडेसातशे किलोमीटरवर. दाझेशियांग या ठिकाणी पावसाने रस्ता बंद झाला. तुकडीतले दोन नाईक, चेन शेंग आणि वू ग्वांग यांनी सोबतच्या दोन अधिकाऱ्यांना मारले आणि बंड पुकारले. इतिहासकार सीमा छियान यांनी शंभरेक वर्षांनी हे लिहिले आणि ‘मुदत चुकली तर शिरच्छेद’ हे वाक्य चेन शेंगच्या तोंडी घातले.

1975 मध्ये हुबेईतल्या श्वेहूदी इथे एका छिन कारकुनाची कबर सापडली. प्रेताभोवती 1,100 हून जास्त बांबूच्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांवर छिन कायद्यांच्या नकला होत्या. वेठीच्या कलमात उशिराची शिक्षा स्पष्ट लिहिलेली आहे. 3 ते 5 दिवस उशीर झाला तर समज द्यायची, 6 ते 10 दिवस झाला तर एक ढाल दंड, 10 दिवसांच्या वर एक चिलखत दंड. आणि पाऊस-पाणी आडवे आले तर ते बोलावणेच रद्द. शिरच्छेदाचे नावही नाही.

मग सीमा छियान खोटे लिहितात का? इतक्या घाईने निकाल देऊ नये. हे कलम सरकारी कामाच्या वेठीचे आहे. सीमेवरचा पहारा ही लष्करी सेवा, आणि तिथे मुदत चुकणे जास्त गंभीर धरले जाई. शिवाय चेन शेंगच्या त्याच भाषणात पुढचे वाक्य असे आहे: समजा शिरच्छेद टळला, तरी पहाऱ्यावर गेलेल्यांपैकी दहातले सहा-सात मरतातच. माझ्या मते भाषणाचे खरे वजन या दुसऱ्या वाक्यात आहे. उशिराच्या शिक्षेवर वाद घालताना लोक ते वाचतच नाहीत. 900 जणांना भीती होती ती त्या लांबच्या वाटेची आणि तिथल्या मरणाची.

‘एक ढाल दंड’ म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही पाहू. हे दंड रोख रकमेत मोजत. एक ढाल म्हणजे 384 नाणी आणि एक चिलखत म्हणजे 1,344 नाणी. पैसे नसतील तर सरकारी कामावर राबून फेडायचे. दर दिवसाला 8 नाणी, आणि सरकारी जेवण घेतले तर 6. म्हणजे ढालीचा दंड 48 दिवस राबून फिटतो आणि चिलखताचा 168 दिवस. सरकारी जेवण घेतले तर चिलखताला 224 दिवस लागतात. कायदा अगदीच आंधळा नव्हता. दंड फेडणाऱ्याला पेरणीला 20 दिवस आणि निंदणीला 20 दिवस घरी सोडावे, अशी तरतूद त्यात आहे. पण जो माणूस शेकडो किलोमीटरवर पहाऱ्याला आहे, त्याला या 20 दिवसांचा काय उपयोग?

अशा एका माणसाचा कागद आपल्या हाती आहे. 2002 मध्ये हुनानमधल्या लिये गावी एका जुन्या विहिरीत छियानलिंग तालुक्याचे छिनकालीन दप्तर सापडले. पट्ट्यांची संख्या 36,000 च्या वर आहे. त्यात यांगलिंग तालुक्यातल्या एका साध्या रयतेची थकबाकी आहे. त्याचे नाव वूसी. शब्दशः अर्थ ‘मरू नको’. बाकी 8,064 नाणी. भागून पाहिले तर बरोबर सहा चिलखते होतात. दिवसाला 8 या दराने 1,008 दिवसांचे काम.

214 मध्ये यांगलिंगचा अधिकारी लिहितो: हा माणूस दोंगतिंग प्रांतात पहाऱ्यावर आहे, कोणत्या तालुक्यात ते कळत नाही, घरी विचारणा केली, घर गरीब आहे, भरू शकत नाही, तरी तो जिथे असेल तिथल्या तालुक्याने वसुली करावी. पुढच्या वर्षी स्मरणपत्र जाते: उत्तर आलेले नाही, पाठपुरावा व्हावा. 212 मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी, दोंगतिंगच्या कचेरीतून तो कागद छियानलिंगला पोचतो. अशाच बाकीदारांची अशीच पत्रे त्या विहिरीत एकाखाली एक निघाली. 8,064 नाण्यांसाठी दोन वर्षे कागद फिरत राहिला, आणि इतक्या काळात तो माणूस नेमका कुठे आहे हेही त्याच्या स्वतःच्या तालुक्याला ठाऊक नव्हते. या राज्यात क्रौर्य होतेच. पण ते चालवायला केवढा कारभार लागत होता, हे या कागदातून जास्त नीट समजते.

आता तो कारभार चालवणारी माणसे पाहू. याच दप्तरात छियानलिंगच्या कर्मचाऱ्यांचा तक्ता आहे. मंजूर पदे 103. लिपिक 28, त्यांतले 10 बाहेर कामावर, हजर 18. सहायक 53, त्यांतली 7 पदे रिकामी, 22 बाहेर, हजर 24. चौकीप्रमुखांची पदे 6, त्यांतली 4 रिकामी. वरिष्ठ अधिकाऱ्यांची पदे 3, त्यांतली 2 रिकामी. तळाला बेरीज: हजर 51. म्हणजे निम्मी कचेरी जागेवर नाही, आणि जे नाहीत त्यांतले बहुतेक रजेवर नसून सरकारी कामालाच बाहेरगावी धाडलेले आहेत, कुणी माणसे पोचवायला, कुणी धान्य आणायला, कुणी हिशेब सादर करायला. दंगा झाला तर पहिल्यांदा धावून जायचे ते चौकीप्रमुख सहापैकी दोनच. एका तालुक्यावरून सगळे राज्य मोजू नये हे मान्य, त्यातून हा नव्याने जिंकलेला डोंगराळ मुलूख. पण जिंकलेला मुलूख हाच तर या राज्याचा मोठा भाग होता.

सैन्याचीही तीच गत. मेंग तियान या सेनापतीच्या हाताखाली 3,00,000 फौज उत्तरेला, भिंतीच्या आणि रस्त्यांच्या कामासह. दुसरी मोठी फौज अगदी दक्षिणेला, आजच्या ग्वांगदोंग आणि ग्वांगशीच्या बाजूला. राजधानी श्येनयांगजवळ सम्राटाची कबर आणि अफांग राजवाडा, आणि त्यांवर 7,00,000 हून जास्त कैदी-मजूर, असे सीमा छियान सांगतात. आकडे फुगवलेले असू शकतात. पण त्यांतून दिसणारी मांडणी खोटी नाही. दोन टोकांना फौजा, मध्ये बांधकाम, आणि पूर्वेच्या जिंकलेल्या सपाट, दाट वस्तीच्या मुलखात जवळजवळ काहीच नाही.

अशा स्थितीत 210 च्या उन्हाळ्यात पहिला सम्राट दौऱ्यावर असताना, आजच्या हबेई प्रांतातल्या शाछ्यू इथे वारला. वारस जाहीर नव्हता. मोठा मुलगा फूसू उत्तरेला मेंग तियानच्या छावणीत होता. धाकटा हूहाई सोबत होता, आणि त्याच्याबरोबर प्रधान ली सी आणि मोहोर सांभाळणारा झाओ गाओ. मृत्यू लपवला गेला. उन्हात प्रेताला वास सुटला तेव्हा गाड्यांवर एकेक ‘श’, म्हणजे सुमारे 30 किलो खारवलेले मासे चढवले, वासात वास मिसळावा म्हणून. फूसूला आत्महत्येचा खोटा हुकूम धाडला गेला आणि त्याने तो पाळला. मेंग तियानला कैदेत टाकून पुढे मारले.

हूहाईची निवड खुद्द सम्राटानेच केली होती, असे सांगणारा एक बांबूवरचा मजकूर आता उपलब्ध आहे, त्यामुळे कारस्थानाच्या कथेवर अभ्यासकांत मतभेद आहेत. निवड खरी असो वा खोटी, परिणाम एकच झाला. उत्तरेची फौज तिच्या सेनापतीला मुकली. नव्या सम्राटाने स्वतःचे 12 भाऊ श्येनयांगच्या बाजारात मारले आणि 10 बहिणींना दू इथे ठार केले. दरबारातल्या प्रत्येकाला कळून चुकले की इथे जवळीक हीच धोक्याची.

नव्या राजवटीला आपली अडचण ठाऊक नव्हती असे मात्र नाही. 2013 मध्ये हुनानमधल्या थूझशान इथे दुसऱ्या सम्राटाच्या पहिल्याच वर्षाचा जाहीरनामा एका लाकडी फळीवर सापडला. त्यात म्हटले आहे: वेठ आणि करांनी रयतेला त्रास देऊ नका, किरकोळ गोष्टींवरून तालुक्याच्या अधिकाऱ्यांवर ठपके ठेवू नका. म्हणजे दुखणे नेमके कुठे आहे ते राजधानीला कळत होते. फळीवर तारखाही आहेत. हुकूम निघाला दहाव्या महिन्यात जियावू दिवशी, आणि प्रांताच्या कचेरीत पोचला अकराव्या महिन्यात वूवू दिवशी (ही 60 दिवसांच्या चक्रातली दिवसांची नावे). हे 24 दिवस होतात. शांततेच्या काळात, सम्राटाच्या तातडीच्या हुकुमाला.

आणि त्याच वर्षाच्या चौथ्या महिन्यात उलटा हुकूम निघाला. अफांगचे काम पुन्हा सुरू करा, 50,000 निवडक धनुर्धारी राजधानीत आणा, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या जनावरांसाठी प्रांतांनी धान्य, कडधान्य आणि चारा पाठवावा. वाहतूक करणाऱ्यांनी शिधा स्वतःचा आणावा, आणि श्येनयांगच्या 300 ली, म्हणजे सुमारे 125 किलोमीटर परिसरातले धान्य खाऊ नये. यानंतर तीनच महिन्यांनी ते 900 जण पावसात अडकले.

पुढे जे पसरले त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बंड फक्त उपाशी शेतकऱ्यांचे राहिले नाही. त्यात छिनचेच अधिकारी होते. क्वायजी प्रांताचा प्रभारी सुभेदार यिन थोंग स्वतः उठावाची तयारी करत होता. त्याने चू या जुन्या राज्यातल्या सेनापतीच्या घराण्यातल्या शियांग लियांगला मसलतीला बोलावले आणि तिथेच शियांग लियांगच्या पुतण्याने, शियांग यूने, त्याचे डोके उडवले. पेई तालुक्याच्या मुख्य अधिकाऱ्यानेही बंडात सामील व्हायचे ठरवले, मग कच खाल्ली, आणि गावकऱ्यांनी त्याला मारले. त्याच्या जागी आलेला ल्यू बांग हा चौकीप्रमुख होता, आणि त्याला पुढे करणारे शियाओ ह आणि त्साओ त्सान हे त्याच कचेरीतले कारकून. ल्यू बांगवर याआधी कैद्यांची एक तुकडी सम्राटाच्या कबरीच्या कामावर पोचवायची जबाबदारी होती. वाटेत कैदी पळत गेले. पोचेपर्यंत एकही उरणार नाही असा हिशेब करून त्याने उरलेल्यांना सोडून दिले आणि स्वतः फरार झाला. चेन शेंगची अडचण आणि ही अडचण एकाच जातीची आहे. लांबची वाट, पोचवायची मोजून दिलेली माणसे, आणि वाटेत काहीही झाले तरी जबाबदारी नेणाऱ्याची.

दरबारात काय चालले होते? पूर्वेकडून आलेल्या पहिल्या दूताने सरळ सांगितले की बंड झाले आहे. त्याला तुरुंगात टाकले. नंतर आलेल्याने सांगितले की चोर-दरोडेखोर आहेत, स्थानिक अधिकारी पकडत आहेत, सगळे सापडले, काळजी नको. सम्राट खूश झाला. एका विद्वानाने हेच गोड उत्तर दिले तेव्हा त्याला रेशमाचे 20 तागे मिळाले. यापुढे वर कोणती बातमी जाणार हे ठरूनच गेले.

परिणाम असा की चेन शेंगचा सेनापती झोऊ वेन मोठी फौज घेऊन राजधानीच्या पूर्वेची खिंड ओलांडून शी या ठिकाणी, म्हणजे सम्राटाच्या कबरीच्या अगदी शेजारी येऊन ठाकला तेव्हा कुठे दरबार जागा झाला. अधिकारी झांग हानने सांगितले की शेजारच्या तालुक्यांतून फौज उभारायला आता वेळ नाही, कबरीवरचे कैदी सोडा आणि त्यांच्या हाती शस्त्रे द्या. तसे केले, आणि ती फौज जिंकली! झोऊ वेनला खिंडीबाहेर हाकलले आणि तो संपला. सहा महिने राजा राहिलेल्या चेन शेंगला त्याच्याच सारथ्याने मारले. 208 च्या नवव्या महिन्यात दिंगताओला शियांग लियांगही पडला. बंड होताच राज्य कोसळले, असे समजणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. पहिल्या वर्षानंतर छिनची बाजू वरचढ होती. यंत्रणेत दम होता.

मग हरले कुठे? जूलूला. झांग हान उत्तरेला, बंडात पुन्हा उभ्या राहिलेल्या झाओ राज्यात गेला. तिथे छिनचा दुसरा सेनापती वांग ली जूलूला वेढा घालून बसला होता आणि झांग हान दक्षिणेकडून दोन्ही बाजूंना भिंती असलेला रस्ता बांधून त्याला धान्य पोचवत होता. शियांग यूने ओळखले की सगळे त्या रस्त्यावर अवलंबून आहे. त्याने नदी ओलांडून होड्या बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली, माणसांजवळ तीन दिवसांचा शिधा ठेवला आणि आधी तो रस्ता तोडला. धान्य तुटल्यावर वांग ली कैद झाला. हे 207 च्या सुरुवातीचे.

तरीही झांग हानची फौज शाबूत होती, आणि माझ्या मते राज्याचा शेवट रणांगणावर झाला नाही, तो राजधानीच्या दारात झाला. झांग हानने मदत आणि हुकूम मागायला आपला सहकारी अधिकारी सीमा शिन याला श्येनयांगला धाडले. तो राजवाड्याच्या दाराशी तीन दिवस थांबला. झाओ गाओ त्याला भेटला नाही. या वेळेपर्यंत ली सीला बाजारात कमरेतून कापून मारले होते आणि प्रधानपद झाओ गाओकडे होते. सीमा शिन घाबरून परतला, तोही वेगळ्या वाटेने, आणि त्याच्या मागावर खरोखरच माणसे सुटली होती. त्याने झांग हानला सांगितले की जिंकलात तर मत्सरापोटी मारले जाल, हरलात तर हरलात म्हणून. सातव्या महिन्यात झांग हान शरण गेला. शरण आलेल्या 2,00,000 हून जास्त छिन सैनिकांना शियांग यूने पुढे शिनआनला पुरून मारले.

उत्तरेची ती फौज तिथे अडकलेली असताना ल्यू बांग दक्षिणेच्या वाटेने वूग्वान खिंडीकडे सरकत होता. वान शहराच्या सुभेदाराला त्याने मारले नाही, सरदारकी देऊन त्याच जागी ठेवले. ते पाहून पुढची गावे एकामागून एक दरवाजे उघडत गेली. स्थानिक अधिकाऱ्याला जीव आणि पद दोन्ही राखता येतात म्हटल्यावर छिनसाठी लढायला कुणाला कारण उरले? दक्षिणेतल्या फौजेने तर खिंडी बंद करून आपले वेगळे राज्यच थाटले. ती मदतीला कधी आलीच नाही.

आठव्या महिन्यात झाओ गाओने जावयाला हजारावर माणसे देऊन सम्राटावर धाडले. सम्राटाजवळ एकच सेवक उरला होता. सम्राटाने विचारले, हे मला आधी का सांगितले नाहीस? सेवक म्हणाला, बोलण्याची हिंमत केली नाही म्हणूनच जिवंत राहिलो. आधी बोललो असतो तर केव्हाच मेलो असतो. हूहाईने आधी एक प्रांत मागितला, मग सरदारकी, मग बायकोसह साधी रयत म्हणून जगू द्या म्हणाला. काहीच मिळाले नाही. त्याने आत्महत्या केली. नंतर गादीवर आलेल्या, राजघराण्यातल्याच झियिंगने ‘सम्राट’ पदवी सोडून ‘राजा’ म्हणवून घेतले, झाओ गाओला मारले, आणि 46 दिवसांनी ल्यू बांगपुढे शरण गेला. शियांग यूने मागाहून येऊन त्यालाही मारले आणि राजवाडे जाळले. आग तीन महिने धुमसत होती असे सांगतात.

त्याआधी, ल्यू बांगचे सरदार कोठारांतले सोने आणि रेशीम वाटून घेत असताना शियाओ ह प्रधानाच्या दप्तरखान्यात शिरला आणि कायदे, नकाशे, घरांच्या-माणसांच्या नोंदी उचलून घेऊन गेला. कुठली खिंड कुठे, कुठे किती घरे, हे पुढच्या युद्धात ल्यू बांगला ठाऊक होते, शियांग यूला नव्हते.

आता कायद्याच्या मुद्द्याकडे परत. ल्यू बांगने श्येनयांगच्या लोकांना तीनच कलमांचा कायदा देऊ केला होता. ती तीन कलमे राज्य चालवायला पुरली नाहीत, आणि शियाओ हने छिनचेच कायदे पुढे आणले. ल्यू बांगने पुढे स्थापलेल्या हान घराण्याच्या, 186 च्या सुमारास लागू असलेल्या कायद्याच्या पट्ट्या 1983 मध्ये झांगजियाशानला सापडल्या. त्या छिन कलमांशी इतक्या जुळतात की एकाची गाळलेली अक्षरे दुसऱ्यावरून भरता येतात. चेहऱ्यावर गोंदणे, नाक कापणे, पाय तोडणे या शिक्षा हान राजवटीत 167 पर्यंत चालू होत्या. बदल झाला तो दुसरीकडे. हान दरबाराने सुरुवातीला राजधानीच्या बाजूचे 15 प्रांत स्वतःकडे ठेवले आणि पूर्वेचा बहुतेक मुलूख राजांना वाटून दिला. तिथली वेठ, तिथले धान्य, तिथला पहारा त्या राजाने आपल्याच मुलखात पाहायचा. वूसीसारख्या माणसाला शोधत दोन वर्षे कागद फिरवण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. ते राजे पुढे डोईजड झाले आणि 154 मध्ये त्यांतल्या सातांनी बंड केले.